सांडलेल्या लहरींचा दिवा

प्रिय दादा,

गच्चीवरची तुझी तार येत्या सोमवारी उतरणार आहे. आधी वॉटरप्रूफिंग, मग सगळ्या गच्चीभर सोलारची पॅनेल्स. परवा सेक्रेटरी दारात उभे राहून विचारत होते, "मॅडम, त्या तारेचा उपयोग तरी काय होता?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." खरोखरच माहीत नव्हतं. तुझी ती तार, ती डबी, तो दिवा, यातलं काही चालत होतं की नव्हतं, ते मला आज कळलं. आणि कळल्यावर सांगायला दुसरं कोण आहे मला?

तुला जाऊन चार महिने झाले. मला अजून रडू आलेलं नाही. समोरच्या काकू म्हणतात, एकदा मोकळी हो. कशी होऊ? मी दूध तापवते, भाजी निवडते, तुझ्या खुर्चीवरची धूळ पुसते. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो? हात लावला तर आहे, पण आपला नाही. तसं आहे सगळं.

तुला आठवतं, बाबांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि तू मात्र नगरपालिकेच्या शाळेतच राहिलास? त्याबद्दल तू कधी तक्रार केली नाहीस. फक्त माझ्या वेण्यांची चेष्टा करायचास. दोन्ही रिबिनी एका उंचीवर हव्यात म्हणून मी आरशासमोर पट्टी घेऊन उभी राहायची. "सिस्टर मोजतात का गं रोज?" असं विचारायचास. मोजत नव्हत्या, पण त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. शिवणाच्या तासाला टाका लहानमोठा झाला तर सगळं उसवायला लावायच्या. सारखं असलं पाहिजे, नीटनेटकं असलं पाहिजे, हे तेव्हा माझ्या बोटांत जे बसलं ते बसलंच. दादा, आजच्या पत्रात ते मुद्दाम लिहिते आहे. पुढे कळेल.

माझे यजमान गेल्यावर मी तुझ्याकडे राहायला आले, तेव्हा तुला एका डोळ्याने थोडं दिसत होतं. काचबिंदूने दुसरा आधीच नेला होता. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तुला दहा-बारा वर्षं झाली असतील. मग तो उरलेला डोळाही गेला. ज्या दिवशी डॉक्टरांनी "आता काही करण्यासारखं नाही" असं सांगितलं, त्या दिवशी घरी येताना तू रिक्षात म्हणालास, "बेबी, गच्चीवर एक लांब तार बांधायची आहे."

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलतोयस.

पण तू समजावून सांगितलंस. आपल्या गच्चीवरून रेडिओचा मनोरा दिसतो. त्यातून लहरी बाहेर पडतात, कोणी ऐको न ऐको. सगळीकडे सांडत असतात, भिंतीतून, माणसांतून आरपार जातात. लांब तारेने त्यातल्या चिमूटभर धरायच्या, तांब्याच्या वेढ्यांच्या एका कॉइलमधून आणि वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या डायोडमधून न्यायच्या, आणि त्यावर छोटा दिवा लावायचा. बॅटरी नको, बटण नको.

"म्हणजे चोरीच की," मी म्हटलं.

"सांडलेलं उचललं तर चोरी होत नाही. सिस्टरांना विचार हवं तर."

"पण दादा, तुला दिवा हवाय कशाला?" हे मी बोलून गेले. जीभ चावली.

तू शांतपणे म्हणालास, "मला नको आहे. तू पाणी प्यायला उठतेस आणि माझ्या खुर्चीला ठेच खातेस. मला ऐकू येतं ना."

सेक्रेटरींना तेव्हा मी सांगितलं की ती कपडे वाळत घालायची तार आहे. पुढच्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्यांनी त्यावर चादरी घातल्या. तू म्हणालास, "आता लहरी धुऊन येतील." किती दिवसांनी हसलो होतो आपण!

मग रोज संध्याकाळी ते काम. पायपाच्या तुकड्यावर तांब्याची तार तू बोटांनी मोजून गुंडाळायचास, एक वेढा दुसऱ्यावर चढू द्यायचा नाहीस. डाग द्यायची वेळ आली की तू जागेवर बोट ठेवायचास, "इथे", आणि बोट बाजूला घ्यायचास. मग मी सोल्डरिंगची तापलेली इस्त्री टेकवायची. पहिल्या दिवशी तुला दोनदा भाजलं. तू म्हणालास, "चालेल, तेवढाच उजेड." सगळं एका डबीत जोडून झालं की जुन्या रेडिओतून काढलेलं चाक हळूहळू फिरवत विचारायचास, "लागला का?"

मी पाहायची आणि सांगायची, "नाही."

"नक्की?"

"नक्की."

"कॉन्व्हेंटची आहेस, खोटं बोलणार नाहीस, म्हणून तुला साक्षीदार नेमलंय." मग तू सगळं उलगडायचास आणि दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी करून पाहायचास. वीस-बावीस संध्याकाळी मी नाही म्हटलं. प्रत्येक नाहीनंतर तुझ्या कपाळावर आठी यायची. पण दादा, ती आठी विचारात पडलेल्या माणसाची होती. मी ती दुःखाची समजले. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, आणि अडलेला विद्यार्थी आणि दुःखी विद्यार्थी यांतला फरक मला घरात ओळखता आला नाही.

मग तू बुधवार पेठेतल्या दुकानात फोन करून दुसरा दिवा मागवलास. जुना लाल दिवा जास्त वीज खातो, नवा अगदी थोड्या विजेवर लागतो, असं म्हणालास. मी जाऊन पुडी आणली. पांढऱ्या काचेचा, साबुदाण्यापेक्षा थोडा मोठा. त्याला दोन पाय, एक लांब, एक आखूड. लांब पाय तुझ्या बोटात घुसला आणि रक्त आलं. तू हात धुवायला गेलास, तेवढ्यात मी कात्री घेतली आणि दोन्ही पाय छान सारखे करून ठेवले.

तुला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही केलंय असं वाटलंच नाही मला.

तू परत येऊन दिवा चाचपलास. थोडा थबकलास. मग जोडलास. मी डाग दिला. तू चाक फिरवलंस.

"लागला का?"

लागला नव्हता. आणि मी म्हटलं, "लागला."

इतके दिवस मी मनाला सांगत होते की ती दया होती. आज खरं लिहिते. कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, पाठ दुखत होती, आणि मला नाही म्हणायचा कंटाळा आला होता. इतकंच.

तू हात डबीवर तसाच ठेवून बसलास. मग विचारलंस, "रंग कोणता?"

"लाल."

"बरं," म्हणालास. थोड्या वेळाने म्हणालास, "छान झालं. आता हे सगळं आवरू या."

दुसऱ्या दिवशी पक्कड, इस्त्री, तारांची भेंडोळी तू एका पिशवीत भरून माझ्या हातात दिलीस. कोणालाही फोन करून दिव्याबद्दल सांगितलं नाहीस. मला जरा नवल वाटलं, पण मी विचारलं नाही. त्यानंतरचे अडीच महिने तू खुर्चीत बसून होतास. काय करतोस म्हटलं की, "काही नाही, बसलोय." आणि एका सकाळी खुर्चीतच गेलास.

तर आज मी ती डबी घेऊन बुधवार पेठेत गेले. का गेले? तार उतरायच्या आत एकदा कळावं म्हणून. सोमवारनंतर विचारायची सोयच राहणार नव्हती. दुकानातले काका चष्मा कपाळावर चढवून बसले होते. तुझं नाव सांगितलं तर म्हणाले, "ते खडकीवाले? फोनवर तासभर घ्यायचे माझा. आले नाहीत ते?"

मी म्हटलं, "नाही आले."

त्यांनी डबी उघडली. कॉइल उजेडाकडे धरून पाहत म्हणाले, "दिसत नव्हतं ना त्यांना? माझ्याकडे बसणाऱ्या डोळसांना अशी कॉइल जमत नाही." दिवा सोडवून त्यांनी त्याला मीटरच्या दोन तारा लावल्या. काही नाही. तारांची अदलाबदल केली, आणि तो लागला.

हिरवा.

"पाय कोणी कापले?"

"मी."

"का?"

"सारखे दिसावेत म्हणून."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "सारखे दिसले. दिवा लागला नाही. लांब पाय कुठला, आखूड कुठला, हे बघूनच तर जोडायचं असतं. न दिसणाऱ्याला ती एकच खूण. उलटा बसलाय हा."

मी विचारलं, "हा हिरवा आहे, ते त्याला माहीत होतं?"

"त्यांनीच तर बजावलं होतं, हिरवाच द्या म्हणून. कमी विजेत हिरवा डोळ्याला जास्त दिसतो. मला शिकवत होते, चाळीस वर्षं दुकान चालवतोय त्याला." त्यांनी दिवा सुलटा करून डाग दिला आणि डबी पुढे सरकवली. "घरी लावून पाहा. नाही लागला तर माझ्याकडे येऊ नका, मनोऱ्याला विचारा."

मी दुकानासमोर गर्दीत उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. एका मोटारसायकलवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला.

तर तुला तेव्हाच कळलं होतं, दादा. मी लाल म्हटलं त्या क्षणी. मग बोलला का नाहीस? म्हणायचंस ना, "सिस्टरांच्या विद्यार्थिनी, बास झालं." भांडलो असतो आपण. मी पाय कापल्याचं कबूल केलं असतं, आणि दुसऱ्या संध्याकाळी तू तो उलटा फिरवला असतास. एवढंच बाकी होतं रे. का इतका समजूतदार झालास? मला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून? की तूही थकला होतास, आणि माझ्या खोट्याने तुला थांबायला कारण मिळालं? यातलं कुठलं खरं होतं? मी तुला ओळखते असं मला वाटायचं. आता उत्तर ठरवता येत नाही.

दुपारी अडीचला घरी आले. एक टोक तुझ्या तारेला, दुसरं न्हाणीघरातल्या लोखंडी नळाला, तू जोडायचास तसं जोडलं. चाक फिरवलं. काही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा फिरवलं. काही नाही. मी तुझ्या खुर्चीत बसून राहिले. वाईट वाटलं असंही म्हणता येणार नाही. भिंतीकडे पाहत होते.

मग कधीतरी तुझा ट्रान्झिस्टर लावला, तर नुसती खरखर. तेव्हा लक्षात आलं की दुपारचा कार्यक्रम संपला होता. मनोराच गप्प होता. मी तशीच बसून राहिले. चहा केला नाही. संध्याकाळी ट्रान्झिस्टरमध्ये सूर आला, आणि मला आधी वाटलं की खिडकीतून डबीवर काहीतरी चमकलं. हाताचा आडोसा केला. चाक केसभर फिरवलं.

लागला होता.

मोहरीएवढा. हिरवा. बाई बातम्या वाचत होत्या आणि तो किंचित थरथरत होता. पडदे ओढले तर खुर्चीचा हात दिसला, पाय दिसले नाहीत. त्या उजेडात मला ठेच लागणार नाही, हा तुझा अंदाज जरा जास्तच होता. पण होता, दादा. सांडलेलं उचलून तू एक दिवा केला होतास, न पाहता, आणि त्यात चूक नव्हती. चूक माझ्या कात्रीची होती.

वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं. मी नुसती पाहत होते.

तेवढ्यात फोन वाजला. डोळ्यांच्या दवाखान्यातली मुलगी होती. "मॅडम, आजोबांची तपासणी राहिलीये. तुम्ही पुढच्या महिन्यात आणते म्हणाला होतात."

म्हटलं होतं मी, दोनदा. दोन्ही वेळा तू गेलेला होतास. इतरांना समोरच्या काकूंनीच कळवलं होतं. माझ्या तोंडून तो शब्द अजून निघालाच नव्हता.

मी दिव्याकडे पाहत म्हटलं, "ते गेले. चार महिने झाले."

ती गडबडली. "अरे... सॉरी हं मॅडम. मग नाव काढून टाकू का?"

"काढा," मी म्हटलं. माझाच आवाज होता, आणि स्पष्ट होता.

आता सोमवारचं. तार वाचवायला मी जाणार नाही, तिथे ऊन धरायचं आहे लोकांना, तुलाही ते पटलं असतं. माणूस सकाळी येणार आहे, म्हणजे रेडिओ चालू असेल. तू गेलास त्या सकाळी मी ओट्याशी होते, पाठ होती तुझ्याकडे. या वेळी गॅस बंद करून तुझ्या खुर्चीसमोर बसेन. वरून तार सुटेपर्यंत दिव्यावरून नजर हलवणार नाही. आणि विझला की मोठ्याने म्हणेन, विझला. एवढं वचन देते.

तुझी,
बेबी