सरळ उमटलेली मोहोर

व्हाइटहॉल, लंडन
१२ फेब्रुवारी १७४७

प्रिय अँब्रोज,

अनेक आशीर्वाद. इकडे क्षेम, तुझ्या हेस्टरवहिनीचा खोकला आणि माझा संधिवात यांत रोज चुरस चालते.

आता एक गंभीर तक्रार. गेली तीस वर्षे तू पत्रावर लाखेची मोहोर वाकडी मारत आलास. आपल्या घराण्याचा बगळा तुझ्या हातून नेहमी पिऊन कलंडल्यासारखा उमटतो. मागच्या तीन पत्रांवर मात्र तो बिशपासारखा ताठ उभा! उतारवयात असा सदाचार बरा नव्हे. हेस्टर म्हणाली, "भावोजी सुधारले म्हणायचे!" मी हसलो. जेवण काही गेले नाही.

थकलो आहे रे. माझ्यासारखा राज्यसचिव राज्य चालवतो असे तुमच्याकडे वाटत असेल. प्रत्यक्षात तो सह्या करणारा एक हात असतो. संशयितांची पत्रे टपालात फोडायची, नकला करायच्या, पुन्हा लाख लावून धाडायची, तर त्या हुकमावरही सचिवाची सही लागते. या कामावर हल्ली एक नवा कारागीर आला आहे. फार नीटनेटका आहे म्हणे.

काल मी आमच्या जुन्या कारकुनाला, थोरोल्डला, विचारले, "हुकूम कोणी काढला?"

"आपणच, साहेब. नाताळाआधी. पंधरा नावं होती."

"मी वाचली होती?"

"वाचून सह्या केल्या असत्या, साहेब, तर आपण अजून ऑक्टोबरातच असतो."

चौथे नाव तुझे होते.

जेवताना पाण्याच्या भांड्यावरून पेला फिरवून तू गादीवरून हाकललेल्या, समुद्रापलीकडच्या 'खऱ्या महाराजां'चे नाव घ्यायचास, आणि मी खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजायचो. थट्टा समजत आलो. त्या महाराजांसाठी झालेले बंड मोडले, ओळखीची माणसे फासावर गेली; तरी तुला विचारले नाही.

तुझ्या पत्रांच्या नकला माझ्या खणात आहेत. थोरोल्डकडे नोंद आहे, म्हणून जाळता येत नाहीत. त्यांवर बांधलेली फीत मी सोडलेली नाही. सोडली, तर वाचणारा तुझा भाऊ नसेल, राज्यसचिव असेल. शुक्रवारी प्रकृतीचे निमित्त सांगून राजमुद्रा परत करून पद सोडतो आहे. सोमवारी माझ्या खुर्चीत बसणारा तो खण उघडेल.

हे पत्र टपालाने नव्हे, हेस्टरच्या गाडीवानाहाती येते आहे. गाडीत एका माणसाची जागा आहे, आणि गाडीवानाला बंदराचा रस्ता ठाऊक आहे.

तू हसून गाडी परत धाडशील की तीत बसशील, हे मला सांगता येत नाही. तुझा सख्खा भाऊ असून सांगता येत नाही. त्याचीच भीती वाटते.

तुझा दादा,
एडमंड

(मोहोर लावलेली नाही.)