टोपलीतला ब

अक्का, आज सकाळपासून मी तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या प्रत्येक सभेत तुम्ही पहिल्या रांगेत बसता आणि मी ‘मातृभाषा’ म्हटलं की मान खाली घालून चष्मा पुसता. कालही तेच झालं. टाळ्या झाल्या, हार झाला, आणि घरी आल्यावर बंगळूरच्या चामराजपेटेतला आपला मराठी बालवर्ग आठवत राहिला. हे कुठे पाठवायचं नाही हे ठाऊक असूनही लिहायला बसले.

मी तेव्हा विशीतली. वाचन अफाट, आवाज खणखणीत, आणि दिवस असे की भाषेवरून राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या जात होत्या. चहाचा कप हातात दिला तरी मी त्यावर भाषण करायची. तुम्ही मला मदतनीस म्हणून घेतलंत आणि पहिल्याच दिवशी पाट्यांचं कपाट बंद करून किल्ली कमरेला खोचलीत. “अक्षर मागनं. आधी कानाला कळू दे.” मग ती वेताची टोपली. मुलानं तीतून एक वस्तू उचलायची, तिचं नाव घ्यायचं आणि नावातला पहिला आवाज तेवढा सुटा करून सांगायचा. कंगवा, क. मणी, म. बांगडी, ब. ओठ मिटतात का ते बोटानं चाचपायचं, श्वास लागतो का ते तळहातावर बघायचं. मी शिकवायला उभी राहिले की तुम्ही मागून म्हणायचात, “अगं, त्या लेकराला एक ब पाहिजे. तू देशाचा इतिहास देतेस. स्वल्प थांब की.” पोरं खिदळायची. मी चिडायचे, पण थांबायचे.

त्या वर्गात एका शिंप्याची मुलगी होती. घर पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले तरी पोरीनं पाटी हातात धरली नाही म्हणून तिचा बाप दारात येऊन उभा राहिला. “दसऱ्यापर्यंत बघतो, अक्का. नाही जमलं तर घरी बसून काज-बटण करील. तिच्या आईला तेवढाच हातभार.” तो शांतपणे बोलला, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. त्या दिवसापासून रोज सकाळी मी आधी तिची जागा बघायची. बसलेली दिसली की जीव भांड्यात पडायचा.

आणि मग शाळा चालवणाऱ्या मंडळाचे कार्यवाह तपासणीला येतात. भिंतीवरच्या मांजराच्या चित्रावर छडी ठेवून नेमकं तिलाच विचारतात, “पहिला आवाज सांग.” ती ओठ मिटते, बोटानं चाचपते आणि म्हणते, “ब.”

“चूक. म. मांजर.”

तुम्ही पुढे सरकता, लाडानं विचारता, “काय गं ते, पुट्टी?”

“बेक्कू.”

“मग सरी आहे तिचं, बरोबर आहे.”

“सरी काय, बाई? ही मराठी शाळा आहे!”

मांजराला कन्नडमध्ये बेक्कू म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या घशाशी भाषण आलं होतं, पण कुणाच्या बाजूचं ते माझं मलाच कळेना. तुम्ही माझ्या पायावर पाय दिलात. “ब चं आणखी काही दाखव, बाळा.” तिनं सगळीकडे पाहिलं आणि कार्यवाहांच्या पायाकडे बोट केलं. “बूट!” आम्हा सगळ्यांच्या चपला दाराबाहेर होत्या. वर्गात हशा फुटला. कार्यवाह लाल झाले आणि तसेच निघून गेले. चार दिवसांनी निरोप आला, की या मुलीची जागा आपल्या वर्गात नाही.

तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. रविवारी टोपली घेऊन शिंप्याच्या गल्लीत जायला लागलात. शेजारणीकडून कन्नड अक्षरं शिकून घ्यायची आणि ती त्या पोरीला द्यायची, तिच्यापुढे जेमतेम एक अक्षर. मला कळलं तेव्हा मी केवढा तमाशा केला! “मराठी शाळेच्या बाईंनी कन्नड अक्षरं गिरवायची? मग आपण कशासाठी उभे आहोत?” तुम्ही टोपली आवरत म्हणालात, “तिला ब ऐकू येतो गं. तो आता कुठल्या का पाटीवर भेटेना.” अक्का, हे मला आजही पटत नाही. भाषा अशी एकेका मुलामागे हातची जाते, हे मी तेव्हा म्हटलं, काल म्हटलं आणि उद्याही म्हणेन. पण त्या रविवारी मी तुमच्याबरोबर आले, कारण दसरा तोंडावर आला होता आणि मला झोप लागत नव्हती.

बाप दुकानाच्या ओट्यावर उभा होता. समोर नवं दुकान झालं होतं, वर दोन शब्दांची कन्नड पाटी. “ही वाचून दाखव,” तो पोरीला म्हणाला. “वाचलीस तर त्या कोपऱ्यावरच्या कन्नड शाळेत घालतो. नाही तर सुई घे.” तिनं ओठ मिटले. तळहात तोंडासमोर धरला. “ब...” गल्लीत शिवणयंत्र तेवढं चालू होतं. मग एकदम, “बट्टे अंगडी.” कापडाचं दुकान.

बापाला माप घेता यायचं, वाचता येत नव्हतं. त्यानं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पाटीकडे पाहत राहिलात आणि माझ्या कानाशी आलात. “ब दिसतो गं मला. पण पुढे जोडाक्षर आहे, ते अजून झालं नाही माझं. तू एवढी वाचतेस. बरोबर वाचलं का तिनं?”

“बरोबर,” मी म्हटलं. सभेत म्हणते तसं, गल्ली ऐकेल इतकं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला शाळेत घातलं, आणि तुम्ही मला पहिल्यांदा शाबास म्हणालात.

अक्का, मला कन्नडचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. दुकानाच्या दारात कापडाची ठाणं टांगलेली होती, ती पाहून मी बरोबर म्हटलं. तिनंही तीच पाहिली असतील का, ते मला अजून माहीत नाही.