बसने वाढलेला आकडा

उदगीर,
दि. ९ मे १९८३

चि. सिंधु हिस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि परिचारिकांच्या वर्गासाठी लिहिलेला तिसरा पाठ पोचला. इकडे सर्व ठीक आहे असे प्रारंभी लिहिण्याचा प्रघात आहे. तो मी मोडत नाही. टँकर आता एक दिवसाआड येतो. तुझी आई रांगेत घागर ठेवून देवापुढे बसते आणि गलका ऐकला की धावते. गेल्या वर्षी लातूर जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटणारे माणिकप्पा परवा पारावर म्हणाले, "मास्तर, जिल्हा तर आला. पानी कवा येनार?"

पाठ शुद्ध करून सोबत ठेवला आहे. 'रक्त दिलं की रिपोर्ट येतं' असली वाक्ये शिकवणाऱ्या व्यक्तीने लिहू नयेत. मात्र मी सुचवलेला 'पालाश' हा शब्द तू गाळलास, याबद्दल तक्रार नाही. तुझ्या पहिल्या वर्गाला लातूरला येऊन गेलेल्या येथील रुग्णालयातील परिचारिका पार्वतीबाई मला म्हणाल्या, "अप्पा, पालाश म्हनलं की लोक खताचं पोतं इचारत्यात. पोटॅशियमच ऱ्हाऊ द्या." शब्द शुद्ध असूनही मी हरलो.

बसने पाठवलेल्या नमुन्याविषयीचा परिच्छेद मला फार आवडला. कंडक्टरजवळच्या डब्यात, उन्हात, धक्के खात रक्त लातूरला पोचते; वाटेत तांबड्या पेशी फुटतात, त्यांतील पोटॅशियम बाहेर येते आणि रुग्णाच्या शरीरात नसलेला आकडा कागदावर उमटतो. म्हणून आकडा वाचावा, पण रुग्णाकडेही पाहावे. हे तू उत्तम मांडले आहेस.

तू वर्गासाठी एखादे उदाहरण मागितले होतेस. एका वृद्धाचे देतो.

या गृहस्थांनी उन्हाळा लागल्यापासून पाणी पिणे कमी केले. घरात पाणी थोडे. आपण दोन तांब्यांत भागवले तर बायकोला पुरेल, असा त्यांचा हिशेब. गुडघे दुखत, म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून कोणास न विचारता घेत. पुढे मळमळ सुरू झाली, अन्नावरची वासना गेली, पायांवर सूज आली, लघवी कमी झाली. रुग्णालयात घेतलेले रक्त बसने लातूरला गेले. अहवालात पोटॅशियम फार वाढलेले, आणि क्रिएटिनीनही.

वृद्ध सुशिक्षित होते. बसचा परिच्छेद त्यांनी वाचलेला होता. त्यांनी अहवालाची घडी घातली आणि पत्नीला सांगितले, "बसच्या धक्क्यांनी आकडे बिघडले आहेत. विज्ञान आहे हे." चार-सहा दिवस ते या विज्ञानावर निर्धास्त राहिले. इतरांनाही त्यांनी ते समजावून दिले.

काल पत्नीने पार्वतीबाईंना घरी बोलावले. त्यांनी नाडी पाहिली, पायाच्या सुजेवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. मग अहवाल वाचला.

"पोटॅशियम बसनं वाढलं आसंल, अप्पा. पुन्हा तपासावं लागंल, आन् खरंच वाढलेलं आसलं तर लई वाईट. पन क्रिएटिनीन काय बसनं वाढत न्हाई. ते किडनीचं हाय."

"एक आकडा चुकला तर सगळा अहवाल संशयास्पद नव्हे काय?"

"एका पोरानं चूक केली म्हनून तुमी सगळ्या वर्गाला नापास करत व्हता काय?"

तुझी आई दारातून म्हणाली, "लेकीला तुमी लिहिता का मी लिहू? मला येतंय तसंच लिहीन बघा."

सिंधु, आता 'वृद्ध' खोडून 'मी' असे लिहितो.

तुझा परिच्छेद मी तीनदा वाचला आणि प्रत्येक वेळी मला हवे तेवढेच वाचले. रुग्णाकडे पाहावे, हे वाक्य तर मीच नीट केले होते. आरशात मात्र पाहिले नाही. आणि तू वर्ग सोडून धावत येशील, पहिल्याच वर्षी तुझ्या वर्गातील मुलींचे शिक्षण अडेल, हेही मनात होते. तेही कारण खरे आहे. पण भीतीच अधिक होती.

येथील डॉक्टरांनीही उशीर न करता लातूरला जाण्यास सांगितले आहे. गोळ्या बंद केल्या. हे पत्र संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे, नमुन्यांच्या डब्यासोबत देत आहे. उद्या पहिल्या बसने मी आणि तुझी आई निघतो. तू येऊ नकोस. नमुनाच आता स्वतःच्या पायांनी येत आहे.

तुझ्या मुलींना आधी अहवाल वाचू दे, मग मला पाहू दे. मी कोणाचा कोण, हे नंतर सांग. त्या चुकल्या तर मी बोलणार नाही. आणि काय निघाले ते मला तूच सांग, माझ्याकडे पाहून, सरळ. भाषा कशीही असली तरी चालेल.

तुझ्या तिसऱ्या पाठातील रुग्ण,
अप्पा