या पत्त्यावर आधीच एक जोडणी आहे

तीर्थस्वरूप दादास,

खालच्या मजल्यावरून शिरसाष्टांग नमस्कार. (आपला अबोला चालू आहे, आणि अबोल्यात ‘तू’ बरं दिसत नाही, म्हणून ‘आपण’.) आपली प्रकृती उत्तम असावी. सकाळचा खोकला छतातून ऐकू येतो, जोर चांगला आहे. वहिनी हल्ली डावा पाय जपून टाकतात, तेही कळतं.

पत्रास कारण की, आपल्या पुतणीची, म्हणजे माझ्या लेकीची, गुरुवारी नोकरीची मुलाखत आहे आणि ती घरबसल्या संगणकावर घेतात. मागच्या खेपेला मोबाइलच्या नेटवर ऐन उत्तराच्या वेळी पोरीचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला, तो गोठलाच. नोकरी हातची गेली. पोरगी रडरड रडली. म्हणून आपल्या भागात कोणकोणतं ब्रॉडबँड मिळतं, याचा शोध मी तिला न सांगता हाती घेतला. घ्यायला नको होता.

पहिल्या कंपनीच्या बाई फोनवर फार गोड. म्हणाल्या, वायर तुमच्या गल्लीत आलेली आहे. मी लगेच जाऊन पाहिलं (आपण गॅलरीतून मला पाहत होतात, हेही पाहिलं). वायर आली आहे खरी, पण कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत. त्याने तिच्यावर शर्ट अडकवले आहेत. दुसऱ्या कंपनीचा माणूस गच्चीवर छत्री बसवू म्हणाला. पण गच्ची आपल्या ताब्यात, आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून जे झालं ते झालं, तेव्हा आमच्या घराला गच्चीच नाही असं मी त्याला सांगितलं. तो बिचारा रस्त्यात उभा राहून बराच वेळ गच्चीकडे बघत होता. शेवटी केबलवाल्याला गाठलं. त्याने पत्ता मोबाइलमध्ये घातला नि म्हणाला, “काका, या पत्त्यावर आधीच एक जोडणी आहे. एका घराला एकच मिळते.” मी म्हटलं, घर एक असलं तरी मजले दोन आहेत. तर म्हणतो, “मग वर विचारा की!” वर विचारा म्हणे! जिना आहे म्हणून कोणी उठून चढतं का?

तरी आपल्याकडे मागणं काहीही नाही, केवळ माहितीसाठी कळवलं. आपल्या वायफायचं नाव ‘खालच्यांनी विचारू नये’ असं आहे, ते मी वाचलेलं आहे. मी विचारलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

आपला (सोयीपुरता) आज्ञाधारक,
धाकटा भाऊ

ता. क. विचारत नाही, पण पासवर्ड काय आहे? गुरुवारपुरताच.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी पोरीने पत्र वाचलं आणि हसत सुटली. म्हणाली, “बाबा, मोठ्या काकांनी मला जिन्यात गाठून पासवर्ड केव्हाच दिलाय. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले.” खालचं रडणं वर ऐकू जात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पासवर्ड ‘ढब्बू’ आहे म्हणे. दादा, मला ढब्बू म्हणणारं तुझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही रे. तो बदलू नकोस. गुरुवारी मुलाखत संपेपर्यंत पोरगी मला घराबाहेर काढणार आहे, तेवढा वेळ वर येऊन बसू का? बोलायलाच हवं असं नाही. आणि त्या वेळात तेवढं खोकू नकोस, खाली ऐकू येतं.