तोंडात नळी होती म्हणून

वेलर क्रीक, मिझुरी
रविवार

रोना पोरी,

दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा सुनावताना न्यायाधीशबाईंनी एवढीच सवलत दिली: कामावर, डॉक्टरकडे आणि चर्चला गाडी नेता येईल. मी चाळीस मैलांवरचं बाप्टिस्ट चर्च सांगितलं. बाई म्हणाल्या, "का हो, जवळचा देव रुसलाय?" मी म्हटलं, "लांबचा जरा ऐकून घेतो, बाई."

देवाशी माझं किती जमतं ते तुला ठाऊक आहे. त्या रस्त्यावर तुझं घर लागतं. तिथे थांबायची मुभा नाही, आणि तूही कधी बोलावलं नाहीस.

आज तुझी टेसा फाटकावर बसली होती. तिनं आजोबाला ओळखलं, हात हलवला. नेमकं तेव्हाच कोर्टानं गाडीत बसवलेलं दारू तपासायचं यंत्र कोकलायला लागलं. मेलं चालत्या गाडीतही मधूनच श्वास मागतं. नळीत फुंकलं नाही तर माणूस प्यायलाय असंच धरतात. एक हात स्टीअरिंगवर, दुसऱ्यात नळी, गाल फुगलेले. पोरीचा हात तसाच हवेत राहिला.

हे पत्र मिळालं तर रविवारी तू तिला घरातच ठेवशील. म्हणून धाडत नाही.

पण आज मी प्यायलो नव्हतो गं. यंत्राला पटलंय.

तुझा बाप,
व्हर्नन