रिकामं कडं

१२ ऑगस्ट

चि. बबड्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, तोंड मात्र जोरात आहे. काल शेजारच्या काकूंना तिने ऐकवलं, "आमचा बबड्या जनुकं जोडतो!" काकूंना वाटलं, नळ जोडतोस.

तुझं पार्सल मिळालं. "ताई, सरांना कळू न देता एकदा बघ ना, काहीतरी गडबड वाटतेय," असं तू लिहिलंस. माझ्या कॉलेजच्या ज्या प्रयोगशाळेला तू चारचौघांत 'बालवाडी' म्हणतोस, तिथेच बघितलं.

तू पाठवलेल्या नळीत जनुक नाहीच रे. जनुक वाहून नेणारं डीएनएचं नुसतं कडं आहे. जोडणीच्या या पद्धतीत प्रत्येक तुकड्याचं टोक पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीशी जुळावं लागतं. एन्झाइम टोकं कुरतडतं आणि जुळणारी टोकं एकमेकांना चिकटतात. तू घाईघाईत कापून उघडलेल्या कड्याची दोन्ही टोकं एकमेकांशीच जुळतील अशी आखलीस. मग ते कशाला तुझ्या जनुकाची वाट बघतंय? आपलं आपण मिटून बसलं. मिटलेलं कडं ज्यांच्यात शिरतं ते जिवाणू ताटलीवर वाढतातच; त्यांचे ठिपके उगवले आणि तू हुरळलास. जनुक न घालता आणखी एक ताटली शेजारी ठेवली असतीस, तर तिच्यावरही तेवढेच ठिपके दिसले असते. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा ती ताटली ठेवतात. नाही ठेवली तर मी त्यांना पुन्हा सगळं करायला लावते.

आणि त्या ठिपक्यांच्या जिवावर सरांनी परिषदेत भाषण ठोकलं म्हणे! बिचारे.

मी टोकं बदलून नवी जोडणी केली. पहिल्याच खेपेला जमली. शेजारची ताटली स्वच्छ, आणि माझ्या ठिपक्यांत जनुक जागच्या जागी. फार मजा आली, खोटं कशाला बोलू?

आता तू विचारशील, ती नवी नळी कधी पाठवतेस. पाठवली. सरांना. तुझ्या नळीच्या तपासणीसकट, माझ्या नावाने.

चिडू नकोस. किंवा चीड, मला काय! बाबा गेले तेव्हा सरांच्या प्रयोगशाळेतल्या त्या एकाच जागेसाठी आपण दोघांनी अर्ज केला होता. "तू आईजवळ राहा, तुला काय, कुठेही जमेल," असं म्हणालास आणि मी अर्ज मागे घेतला. त्यानंतर तू या घरात आलास तो पाहुण्यासारखा. आईला आंघोळ कशी घालायची हे तुला ठाऊक तरी आहे का? मला तुझा राग येतो बबड्या, रोज येतो.

सरांचा फोन आला होता. आधी तुझ्या नावाने खडे फोडले, मग विचारलं, "तुम्ही कधी रुजू होताय?" हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत त्यांनी तुला केबिनमध्ये बोलावलेलं असेल.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. फक्त सांगितलं, बबड्या आता कायमचा घरी येतोय. ती रडली रे. काठी टेकत तुझ्या खोलीपर्यंत गेली, पलंगावर नवी चादर घालून घेतली. तिला 'येत नाही' म्हणायची हिंमत असेल तर तूच फोन कर.

मी सोमवारी निघतेय. किल्ली काकूंकडे ठेवीन.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई