दहा ब्लाइंड उरले असताना

मी, खाली सही करणार, धंदा पंप व मोटार दुरुस्ती, वय एकसष्ट, लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे, नशा नाही, कोणाचा दाब नाही. भीती आहे. भीतीने मृत्युपत्र बाद होत नाही, हे वकिलांना दोनदा विचारून घेतले आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीस. घर ठेवावे की विकावे हे तिने ठरवावे. तिच्या भावाने ठरवू नये.

२. त्याच मेहुण्यांनी नेलेला मोठा पाइप पाना त्यांच्याकडेच राहू द्यावा. मात्र तो आजपासून मी दिला असे धरावे.

३. दुकान व बाकी हत्यारे मुलीस. त्यात रबरी नळीचा हातभर तुकडा आहे, तो कचरा समजून फेकू नये. एक टोक मोटारीला, एक कानाला लावून मी बेअरिंगचा आजार ओळखत आलो. दुकान त्या तुकड्यावर उभे आहे. गेल्या महिन्यात दार लावून तो स्वतःच्या छातीला लावला. गिऱ्हाइकाची मोटार असती तर म्हणालो असतो, "साहेब, आजच खोलू या."

४. पोकरच्या चिप्सची, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांची, पेटीही मुलीस. क्लबातल्या रविवारच्या स्पर्धेत ती माझ्या शेजारी बसून खेळते, पण चिप्स कमी झाल्या की गोठते. तिच्यासाठी लिहितो. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच पाळीपाळीने लावावा लागणारा डाव. तो वाढत जातो, आणि तू नुसती बसलीस तरी तुला खातो. दहा ब्लाइंडपुरत्या चिप्स उरल्या की इक्क्यांच्या जोडीची वाट बघू नये. बरे पत्ते आले, ब्लाइंडखेरीज आधी कोणी डाव लावलेला नसला, की सगळ्या पुढे ढकलाव्यात. तेव्हा समोरचा अजून घाबरतो, पत्ते टाकतो.

माझे थोरले बंधू थांबत. एकदा त्यांना खरेच दोन इक्के आले, पण तोवर चिप्स इतक्या थोड्या उरल्या होत्या की चौघांनी हसत कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून पत्ते दाखवायला लावले. बंधू हरले. पुढे त्यांनाही हेच दुखणे झाले. "बघू पुढच्या महिन्यात," म्हणत राहिले, आणि शेवटी ऑपरेशनला डॉक्टरच तयार होईनात.

५. मला डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांवर वर्षभर निघेल. पण मग शरीराला ऑपरेशन झेपेलसे वाटत नाही." मी विचारले, "आणि आत्ता?" ते बोटांनी पेन वाजवत होते, ते थांबले. टेबलावर मोठे पत्ते आलेला माणूसही असाच चिप्स वाजवायचा थांबतो, आणि अगदीच वाईट पत्ते आलेलाही. मला फरक ऐकू येतो असा माझा लौकिक आहे. त्या दिवशी आला नाही.

६. पत्नी काल म्हणाली, "तिथे निदान पत्ते बघून ढकलता. इथे काय बघितलंत?"
मी म्हणालो, "अगं, किती उरलंय ते बघितलं."
"आणि हरलात तर? तिथे पुढच्या रविवारी परत जाता तुम्ही."
तिचा प्रश्न जसाच्या तसा इथे नोंदवतो. ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे, म्हटल्यावर मी हात मांडीखाली दाबून बसतो, म्हणजे कोणाला थरथर दिसत नाही. उद्या हात पट्ट्याने बांधलेले असतील.

७. मी परतलो नाही, तर "थांबायला हवं होतं" असे या घरात कोणी म्हणू नये. मेहुण्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. आणि मुलीने पुढचा रविवार चुकवू नये.

पत्नीला घर मिळत असल्याने तिला साक्षीदार करता येत नाही. ती समोर बसली आहे, इतकेच. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले. सही वाकडी आली आहे, ती माझीच आहे. हात टेबलावर ठेवून केली.

सही: पंपवाले
साक्षीदार: १. क्लबात पत्ते वाटणारे २. शेजारचे टायरवाले
स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी